लसीच्या आधीची एक तासिका

एनसीईआरटीच्या दहावीच्या विज्ञान पुस्तकात प्रजननावरील प्रकरणाच्या शेवटी लैंगिक संबंधांतून पसरणाऱ्या आजारांची एक लहानशी यादी येते. गोनोरिया आणि सिफिलिस हे जिवाणूंमुळे होणारे. चामखीळ आणि एचआयव्ही-एड्स हे विषाणूंमुळे होणारे. बेंगळुरूच्या शाळांतील मुली ही यादी एका गुणाच्या प्रश्नासाठी पाठ करतात आणि पुढच्या प्रकरणाकडे वळतात. यादीतील 'चामखीळ' हा शब्द निरुपद्रवी वाटतो. तो ज्या विषाणूंच्या कुळातून येतो, त्याच कुळातील काही विषाणू गर्भाशयमुखाचा कर्करोग घडवतात, हे त्या पानावर लिहिलेले नाही. बारावीच्या जीवशास्त्रात प्रजननमार्गाच्या कर्करोगाचा ओझरता उल्लेख आहे. परंतु ते पुस्तक विज्ञान शाखेचेच विद्यार्थी वाचतात, आणि ते हाती येईपर्यंत या कर्करोगापासून वाचवणारी लस घेण्याचे सर्वांत योग्य वय, म्हणजे 9 ते 14 वर्षे, उलटून गेलेले असते.

जे वय लसीचे आहे त्या वयात माहिती नाही, आणि माहिती येते तेव्हा ते वय उरत नाही. भारतातील किशोरवयीन मुलींच्या आरोग्यशिक्षणातील हा दोष अभ्यासक्रमाच्या रचनेपुरता मर्यादित नाही. या मुलींकडे समाज कसा पाहतो, याचे ते प्रतिबिंब आहे. लसीकरणाच्या चर्चेत मुलीचा दंड सर्वांना दिसतो, तिचे मन मात्र फारसे कोणाला दिसत नाही.

आधी आजाराचे स्वरूप पाहू जाता, आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार 2022 या एका वर्षात भारतात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे सुमारे 1 लाख 27 हजार नवे रुग्ण आढळले आणि सुमारे 80 हजार स्त्रियांचा त्यामुळे मृत्यू झाला. भारतीय स्त्रियांमध्ये स्तनाच्या कर्करोगाखालोखाल याचाच क्रमांक लागतो. याचे कारण ठाऊक आहे, त्याची वाढ संथ आहे, आणि तो टाळण्याची दोन वेगवेगळी साधने उपलब्ध आहेत. कर्करोगांच्या जगात असे तिहेरी भाग्य क्वचितच आढळते. तरीही मृत्यूंचा आकडा एवढा मोठा असेल, तर वैद्यकशास्त्राबाहेर कोठेतरी काहीतरी अडले आहे, असाच त्याचा अर्थ होतो.

कारणाचा शोध जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउसेन यांच्या गटाने लावला. गर्भाशयमुखाच्या गाठींमधून त्यांनी 1983 मध्ये ह्यूमन पॅपिलोमा व्हायरसचा, म्हणजे एचपीव्हीचा 16 क्रमांकाचा आणि पुढच्याच वर्षी 18 क्रमांकाचा प्रकार वेगळा काढला. या कार्यासाठी 2008 मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. जगातील सुमारे 70 टक्के गर्भाशयमुख-कर्करोग या दोनच प्रकारांमुळे होतात. हा संसर्ग अतिशय सर्वसामान्य आहे. लैंगिक जीवन सुरू झालेल्या बहुतेक स्त्री-पुरुषांना तो आयुष्यात कधी ना कधी होतो, आणि बहुतेकांचे शरीर एक-दोन वर्षांत त्याला हुसकावून लावते. काही थोड्या स्त्रियांमध्ये मात्र तो ठाण मांडून बसतो. विषाणूची ई6 आणि ई7 ही दोन प्रथिने पेशीतील पी53 आणि आरबी या पहारेकरी प्रथिनांना निकामी करतात. मग पेशींच्या विभाजनावरचा लगाम सुटतो. कर्करोगपूर्व बदलांपासून प्रत्यक्ष कर्करोगापर्यंतचा प्रवास साधारणतः 15 ते 20 वर्षे चालतो. याचा अर्थ असा की चाळिशीत निदान होणाऱ्या आजाराचे बीज बहुधा विशी-पंचविशीत पडलेले असते, आणि त्याला अडवण्याची सर्वोत्तम संधी त्याहूनही आधी, शाळेच्या वर्गात असते.

लस ही संधी साधते. तिच्यात विषाणूच्या बाह्य कवचाचे एल1 हे प्रथिन असते. ही प्रथिने स्वतःहून एकत्र येऊन विषाणूसारखा दिसणारा पोकळ कण तयार करतात. त्यात डीएनए नसल्याने तो संसर्ग करू शकत नाही, पण शरीर त्याला शत्रू समजून प्रतिपिंडे तयार ठेवते. आधीच झालेला संसर्ग ही लस बरा करीत नाही, म्हणून ती विषाणूशी गाठ पडण्यापूर्वी देणे महत्त्वाचे. या वयात शरीराचा प्रतिकार-प्रतिसादही अधिक जोरकस असतो. स्वीडनमध्ये 2020 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, वयाच्या 17 व्या वर्षापूर्वी लस घेतलेल्या मुलींमध्ये या कर्करोगाचे प्रमाण 88 टक्क्यांनी कमी आढळले. इंग्लंडमध्ये 12-13 व्या वर्षी लस दिल्या गेलेल्या पिढीत ही घट 87 टक्के होती.

भारतातही या विषयावर भरीव काम झाले आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने विकसित केलेल्या 'सर्व्हाव्हॅक' या लसीला 2022 मध्ये औषध महानियंत्रकांची मान्यता मिळाली. 2024 च्या अंतरिम अर्थसंकल्पात केंद्र सरकारने 9 ते 14 वयाच्या मुलींच्या लसीकरणाला प्रोत्साहन देण्याचे जाहीर केले. देशातील चर्चा आता 'लस द्यावी का' या प्रश्नावरून 'लस कशी द्यावी' या प्रश्नाकडे सरकली आहे. नेमक्या याच वळणावर थोडे मागे पाहणे आवश्यक आहे, कारण हा प्रश्न देशाने एकदा हाताळला आहे आणि त्यात त्याचे हात पोळले आहेत.

2009 मध्ये तत्कालीन आंध्र प्रदेशातील खम्मम आणि गुजरातमधील वडोदरा या जिल्ह्यांत 'पाथ' या अमेरिकी संस्थेने, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि राज्य सरकारांच्या सहकार्याने, एचपीव्ही लसीकरणाचा प्रायोगिक प्रकल्प हाती घेतला. वीस हजारांहून अधिक मुलींना लस देण्यात आली. त्यांत आदिवासी मुली मोठ्या संख्येने होत्या. अनेकजणी वसतिगृहांत राहून शिकत होत्या. प्रकल्पाच्या काळात सात मुलींच्या मृत्यूची नोंद झाली आणि एप्रिल 2010 मध्ये सरकारने तो स्थगित केला. चौकशीत या मृत्यूंचा लसीशी संबंध आढळला नाही. बुडणे, सर्पदंश, विषबाधा अशी वेगळी कारणे समोर आली. परंतु चौकशीत आणखीही एक गोष्ट उघड झाली. अनेक मुलींच्या संमतिपत्रांवर पालकांऐवजी वसतिगृहाच्या अधीक्षकांनी किंवा मुख्याध्यापकांनी सह्या केल्या होत्या. 2013 मध्ये संसदेच्या स्थायी समितीने आपल्या अहवालात यावर कठोर ताशेरे ओढले.

खम्ममची आठवण बहुधा 'लसीविषयीच्या अफवांचे उदाहरण' म्हणून काढली जाते. ती अपुरी आठवण आहे. लस निर्दोष होती, तरी प्रक्रिया सदोष होती. कोणती लस टोचली जात आहे, ती कोणत्या आजारावर आहे, त्रास झाल्यास कोणाला सांगायचे, हे ज्या मुलीला ठाऊक नाही, ती दुर्घटनेनंतर लसीची बाजू घेऊ शकत नाही. तिचे आईवडीलही घेऊ शकत नाहीत. तिथे जे कोसळले त्यात विश्वास फारसा नव्हताच. आज्ञापालन होते, आणि आज्ञापालनाला संकटात तग धरता येत नाही.

याच काळात कर्नाटकातही या प्रश्नाचा अभ्यास झाला होता. मैसूरमधील किशोरवयीन मुलींच्या पालकांशी गटचर्चा करून संशोधकांनी 2009 मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. एचपीव्हीविषयी आणि या कर्करोगाविषयी पालकांना फारच थोडे ठाऊक होते. तरीही बहुतेकांची मुलीला लस देण्याची तयारी होती. वरवर पाहता ही आनंदाची वार्ता. पण संशोधकांनी एक मार्मिक निरीक्षण नोंदवले: ही तयारी या लसीविषयीच्या समजुतीतून आलेली नसून सरकारी लसीकरण कार्यक्रमावरील सर्वसाधारण भरवशातून आलेली दिसते. पोलिओचे थेंब आणि गोवराची सुई यांनी पिढ्यान्‌पिढ्या कमावलेली पुण्याई इथे उसनी घेतली जात होती. उसनी पुण्याई एका वाईट बातमीबरोबर संपू शकते.

हा धोका भारतापुरता नाही. जपानमध्ये लसीकरणाचे प्रमाण सुमारे 70 टक्क्यांवर पोहोचले होते. लस घेतलेल्या काही मुलींच्या त्रासाची चित्रे माध्यमांत झळकली आणि जून 2013 मध्ये सरकारने लसीची सक्रिय शिफारस थांबवली. पाहता पाहता प्रमाण एका टक्क्याच्याही खाली गेले. लसीमुळे तो त्रास झाल्याचे पुढील अभ्यासांत सिद्ध झाले नाही, तरी शिफारस पूर्ववत होण्यास 2022 साल उजाडावे लागले. सुशिक्षित, संपन्न देशात जे घडले ते बेंगळुरूच्या एखाद्या उपनगरात, व्हॉट्सॲपवरील एका चित्रफितीनंतर, एका दुपारीही घडू शकते.

इतिहासाचा एक विलक्षण योगायोग इथे नोंदवला पाहिजे. खम्ममनंतरच्या स्थगितीमुळे देशात चालू असलेली दुसरी एक स्वतंत्र चाचणीही मध्येच थांबली. दोन मात्रा पुरेशा आहेत की तीन लागतात, हे तपासण्यासाठी आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ती आखली होती; बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय, पुणे आणि मुंबईतील केंद्रे तिच्यात सहभागी होती. लसीकरण थांबले तेव्हा सुमारे पाच हजार मुलींना एकच मात्रा मिळालेली होती. संशोधकांनी या मुलींचा पाठपुरावा सोडला नाही. दहा वर्षांनंतर, 2021 मध्ये, निष्कर्ष प्रसिद्ध झाले: 16 आणि 18 या प्रकारांच्या चिवट संसर्गाविरुद्ध एका मात्रेची परिणामकारकता 95 टक्क्यांच्या घरात होती, म्हणजे दोन वा तीन मात्रांइतकीच. जागतिक आरोग्य संघटनेने 2022 मध्ये 9 ते 20 वयोगटासाठी एका मात्रेचा पर्याय मान्य केला, त्यामागील पुराव्यांत या भारतीय मुलींचा मोठा वाटा आहे. बार्शीच्या परिसरातील मुलींनी वर्षानुवर्षे तपासणीसाठी येऊन जगाला दिलेले हे ज्ञान आहे. त्याच वयाच्या आजच्या मुलींना मात्र ते अजूनही सांगितले जात नाही.

बेंगळुरू हे या विरोधाभासाचे ठळक उदाहरण ठरते. येथील किडवाई कर्करोग संस्थेत 1982 पासून लोकसंख्येवर आधारित कर्करोग नोंदणी चालू आहे. देशभरातील अशा नोंदण्यांची आकडेवारी एकत्र करणारे राष्ट्रीय केंद्रही याच शहरात आहे. जैवतंत्रज्ञानाची राजधानी म्हणून शहराचा लौकिक आहे. गेल्या चार दशकांत बेंगळुरूत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे प्रमाण घटले आणि स्तनाचा कर्करोग पुढे गेला, हेही या नोंदींवरूनच कळते. ही घट लसीमुळे झालेली नाही. लग्नाचे वाढलेले वय, कमी बाळंतपणे, सुधारलेली स्वच्छता असे सामाजिक बदल तिच्यामागे असल्याचे मानले जाते. म्हणून ती सर्व वस्त्यांत सारखी झाली असेल, असे गृहीत धरणे धोक्याचे. बांधकामांवर आणि तयार कपड्यांच्या कारखान्यांत राबणाऱ्या कुटुंबांतील मुलींपर्यंत ही सुधारणा कितपत पोहोचली, हा प्रश्न शहराच्या सरासरीत झाकला जातो.

या शहरातील मुलींच्या जाणिवेचा विचार करताना भाषेचा अडसर ध्यानात घ्यावा लागतो. एकाच वर्गात कन्नड, तमिळ, तेलुगू, उर्दू, हिंदी, मराठी बोलणाऱ्या मुली बसतात. पुस्तकात 'सर्व्हिक्स' हा शब्द आकृतीतील एका रेषेच्या टोकाशी असतो. कन्नडमध्ये तो अवयव 'गर्भकंठ' होतो, मराठीत 'गर्भाशयमुख'. आणि घरात? मराठी घरात आजी 'पिशवीचा आजार' म्हणते, मावशीची 'पिशवी काढली' असे दबक्या आवाजात सांगितले जाते, 'अंगावरून जाते' एवढ्यावर लक्षणांचे वर्णन संपते. प्रसूती आणि पाळी यांविषयी प्रत्येक भाषेत अशी घरगुती शब्दांची एक चोरटी बोली आहे. फलकावरील 'सर्व्हायकल कॅन्सर', पुस्तकातील 'सर्व्हिक्स' आणि घरातील 'पिशवी' या तिन्ही शब्दांचा रोख एकाच अवयवाकडे आहे, हे मुलीला कोणी जोडून दाखवत नाही. मग ती आजाराचे नाव ऐकून असते, परंतु तो आपल्या आईच्या, मावशीच्या आणि उद्या स्वतःच्या शरीराशी संबंधित आहे, हे तिला उमगत नाही. जागरूकतेच्या पाहणीत 'या आजाराचे नाव ऐकले आहे का' या प्रश्नाला होकार मिळणे, आणि मुलीला आजार कळणे, यांत एवढे अंतर असते.

हे अंतर बुजवायचे तर शरीराविषयी सरळ बोलावे लागते, आणि तिथेच मोठ्यांची जीभ अडखळते. 2007 मध्ये शालेय लैंगिक शिक्षणाच्या राष्ट्रीय कार्यक्रमाला महाराष्ट्र आणि कर्नाटक यांसह अनेक राज्यांनी विरोध केला होता. ती भीती अजून ओसरलेली नाही. म्हणून लसीकरणाच्या क्षेत्रातील कित्येक जाणकार व्यवहारी सल्ला देतात: लैंगिकतेचा उल्लेखच टाळावा, ही 'कर्करोगाची लस' आहे एवढेच सांगावे, मुलींना रांगेत उभे करावे आणि काम उरकावे. जीव वाचणे महत्त्वाचे. चर्चा नंतर होईल.

हा युक्तिवाद झटकून टाकण्याजोगा नाही. वर्षाला ऐंशी हजार मृत्यू समोर असताना विलंबाची किंमत खरीच मोजावी लागते. शिवाय दहा वर्षांच्या मुलीला विषाणूप्रसाराचा सारा तपशील सांगण्याची गरज नसते, हेही खरे. पण या सल्ल्यात दोन उणिवा आहेत. पहिली अशी की मौन टिकत नाही. ज्या मुलीच्या हाती भ्रमणध्वनी आहे तिला एचपीव्ही कसा पसरतो हे एका शोधात कळते. शाळेने जे लपवले ते बाहेरून कळले, की शाळेच्या उरलेल्या शब्दांवरचाही विश्वास उडतो. 'लस घेतल्याने मुली बिघडतील' ही पालकांची धास्ती मौनाने वाढते. अमेरिकेत झालेल्या अभ्यासांत लस घेतलेल्या मुलींच्या लैंगिक वर्तनात असा फरक आढळलेला नाही, हे त्यांना उघडपणे सांगितले तर ती कमी होऊ शकते. सिक्कीमने 2018 मध्ये 9 ते 13 वयाच्या मुलींसाठी राज्यव्यापी मोहीम राबवली आणि सुमारे 97 टक्के मुलींपर्यंत लस पोहोचवली. त्या यशामागे शिक्षक, पालक आणि स्थानिक नेते यांच्याशी आधी झालेला संवाद होता. संवादाने मोहीम रेंगाळली नाही, उलट ती त्याच्या बळावर उभी राहिली.

दुसरी उणीव अधिक खोल आहे. लस हा या आजाराविरुद्धचा शेवटचा शब्द नाही. ती कर्करोग घडवणाऱ्या सर्वच प्रकारांना अडवत नाही. म्हणून लस घेतलेल्या मुलीनेही वयाच्या तिशीनंतर तपासणी करून घ्यायची असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या धोरणात 2030 पर्यंत गाठायची तीन लक्ष्ये आहेत: 90 टक्के मुलींना पंधराव्या वर्षापर्यंत लस, 70 टक्के स्त्रियांची 35 व्या आणि पुन्हा 45 व्या वर्षी चाचणी, आणि आजार आढळलेल्या 90 टक्के स्त्रियांना उपचार. आज चौदा वर्षांच्या असलेल्या मुलीला लसीनंतर वीसेक वर्षांनी स्वतःच्या पायांनी तपासणीला जायचे आहे. काय टोचले हेच जिला ठाऊक नव्हते, ती तेव्हा कशाच्या आधारे जाईल?

आणि तिची आई? तिच्यासाठी लसीचे योग्य वय केव्हाच सरले. तिच्या हाती तपासणी हेच साधन आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार 30 ते 49 वयोगटातील दोन टक्क्यांहूनही कमी भारतीय स्त्रियांनी गर्भाशयमुखाची तपासणी कधी तरी करून घेतली होती. तपासणीचे मोल सिद्ध करणारा मोठा पुरावा महाराष्ट्रातूनच आलेला आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात 1 लाख 31 हजारांहून अधिक स्त्रियांवर झालेल्या अभ्यासाने 2009 मध्ये दाखवून दिले, की आयुष्यात एकदा केलेल्या एचपीव्ही चाचणीनेही या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्याने घटतात. शाळेतून समजून आलेली मुलगी घरी 'आई, तू तपासणी केलीस का' असे विचारू शकली, तर एका लसीतून दोन पिढ्यांचे रक्षण होऊ शकते.

अज्ञानाची किंमत केवळ न टळलेल्या आजारात मोजून भागत नाही, कारण अज्ञानाचा बाजारही मांडला जातो. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न 2019 मध्ये राज्यभर गाजला. अवघ्या तिशीच्या आतबाहेरच्या स्त्रियांच्या पिशव्या काढल्या गेल्या होत्या, आणि 'काढली नाही तर कर्करोग होईल' ही भीती त्यांतील अनेकींना घालण्यात आली होती. कर्नाटकात कलबुर्गी जिल्ह्यातील लंबाणी स्त्रियांच्या बाबतीतही अशाच तक्रारी झाल्या. पांढरे जाणे म्हणजे कर्करोग नव्हे, कर्करोगाआधीचे बदल साध्या तपासणीत ओळखता येतात आणि त्यांवर गर्भाशय न काढताही उपचार होतात, एवढे या स्त्रियांना शालेय वयात कळले असते, तर त्यांतील कितीतरी जणींनी त्या टेबलावर झोपण्याआधी एक प्रश्न विचारला असता.

मुलग्यांचाही विचार करावा लागतो. विषाणू मुलग्यांनाही होतो आणि त्यांच्याकडून पसरतो. त्यांच्यातही तो काही कर्करोगांना कारण ठरतो. 'सर्व्हाव्हॅक' मुले आणि मुली दोघांसाठीही मान्यताप्राप्त आहे. साधने मर्यादित असताना मुलींना प्राधान्य देणे शास्त्रीयदृष्ट्या योग्यच आहे. पण लसीचे प्राधान्य मुलींना असले तरी माहितीचे प्राधान्य तसे असण्याचे कारण नाही. मुलींना वेगळ्या खोलीत नेऊन कुजबुजत सांगितलेली गोष्ट मुलग्यांच्या लेखी चेष्टेचा विषय होते, आणि मुलींच्या लेखी लाजेचा.

मग करायचे काय? भव्य योजनेची गरज नाही. सुईच्या आधी एक तासिका मुलींच्या आणि मुलग्यांच्या मालकीची असावी, एवढेच मागणे आहे. त्या तासिकेत आकृतीतील अवयवाला वर्गातील प्रत्येक घरभाषेतले नाव दिले जावे. चामखीळ या शब्दापासून सुरू होणारी साखळी कर्करोगापर्यंत नेऊन पूर्ण केली जावी. सुरक्षिततेचे आकडे लपवू नयेत: जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्लागार समितीने 2017 पर्यंतच्या 27 कोटींहून अधिक मात्रांचा आढावा घेतला, तेव्हा तीव्र ॲलर्जीचे प्रमाण दहा लाख मात्रांमागे सुमारे 1.7 इतके होते, आणि वंध्यत्वाचा धोका आढळला नाही. या वयात सुईच्या धास्तीने भोवळ येऊ शकते, म्हणून लसीनंतर पंधरा मिनिटे बसवून ठेवतात, हे आधी सांगितले तर कोणाला भोवळ आल्यावर वर्गात घबराट पसरत नाही. शेवटी नाव न लिहिता प्रश्न टाकण्यासाठी एक पेटी ठेवावी, आणि त्यांतील प्रत्येक प्रश्नाला उत्तर मिळावे.

यासाठीची वाटही तयार आहे. कर्नाटकात 'शुचि' योजनेद्वारे सरकारी शाळांतील मुलींना सॅनिटरी पॅड मिळतात. किशोरवयीनांसाठी 'स्नेहा' क्लिनिके आहेत, जशी महाराष्ट्रात 'मैत्री' क्लिनिके. शाळा सोडलेल्या आणि स्थलांतरित कुटुंबांतील मुलींसाठी आशा आणि अंगणवाडी सेविका आहेत. वस्तू पोहोचवणाऱ्या या हातांनी आता शब्दही पोहोचवायचे आहेत.

संमतीचा प्रश्नही इथेच सुटू शकतो. अठरा वर्षांखालील मुलीसाठी पालकांची संमती लागते, ती योग्यच. परंतु भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची 2017 ची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात, की संशोधनात सहभागी होणाऱ्या 12 ते 18 वयाच्या मुलाची वा मुलीची स्वतःची लेखी अनुमतीही घ्यावी. संशोधनात जो मान तिला मिळतो, तो सार्वजनिक लसीकरणात का मिळू नये? पालकांच्या सहीखाली मुलीच्या सहीसाठी एक ओळ छापायला खर्च येत नाही. त्या ओळीसाठी तिला समजावून सांगण्याची सक्ती मात्र यंत्रणेवर होते.

दहावीच्या त्या यादीत 'चामखीळ' या शब्दापुढे आणखी दोन वाक्ये लिहिली गेली, आणि ती दहावीऐवजी सहावी-सातवीतच शिकवली गेली, तर परीक्षेत एखादा गुण वाढेल किंवा वाढणारही नाही. पण लसीच्या रांगेत उभी असलेली मुलगी मागच्या मैत्रिणीला 'ही कशाची सुई आहे' हे स्वतःच्या भाषेत सांगू शकेल. कोणत्याही लसीकरण मोहिमेचे यश मोजताना मात्रांच्या आकड्याशेजारी हा एक निकषही लिहिला जायला हवा.